साधन-विवरण, संगणकीय

संगणकीय साधनाचे कार्य, त्यास पुरवावयाची माहिती, त्याच्याकडून मिळणारे उत्तर आणि त्याच्या मर्यादा यांचे नेमके वर्णन करणारे लेखन. असे लेखन पूर्वी केवळ माणसांसाठी केले जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे स्वतः साधन निवडून सोपविलेले काम तडीस नेणारे कार्यक्रम, म्हणजेच एजंट, प्रचारात आल्यापासून ते त्यांच्यासाठीही करावे लागते.

ऐतिहासिक आढावा : केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीची पहिली नियमपुस्तिका सिद्ध केली. तीत प्रत्येक आज्ञेचे नाव, रूप, वर्णन व ज्ञात दोष ठराविक क्रमाने दिलेले होते. दोन कार्यक्रमांमधील देवाणघेवाणीचे वर्णन यंत्रालाही वाचता यावे, यासाठी २०११ मध्ये स्वॅगर ही पद्धती पुढे आली. तिच्यातूनच ओपनएपीआय हे प्रमाण विकसित झाले. ओपनएआय या संस्थेने २०२३ मध्ये भाषा-प्रतिमानांना साधनांची वर्णने पुरवून त्यांच्याकरवी ती वापरण्याची सोय उपलब्ध केली, तर अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये साधने व प्रतिमाने जोडणारा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक साधनास नाव, वर्णन व निविष्ट माहितीचा आराखडा असतो.

वाचकातील फरक : विवरण अपुरे असल्यास मनुष्य सहकाऱ्यास विचारतो, पडद्यावरील आकडे पाहून शंका घेतो किंवा पूर्वानुभवाचा आधार घेतो. एजंटापुढे बहुधा विवरणाचा मजकूर तेवढाच असतो. त्यातील उणीव तो अनुमानाने भरून काढतो आणि ते अनुमान चुकले, तरी त्याचे उत्तर सुसंगतच भासते. त्यामुळे चूक उघडकीस येणे कठीण होते.

बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण : भारत सरकारच्या मुक्त विदा मंचावर ॲगमार्कनेटकडील दैनिक बाजारभाव एपीआयद्वारे उपलब्ध होतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवकेची तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतात. खामगाव ही वऱ्हाडातील जुनी कापूस बाजारपेठ होय. तेथील भाव शेतकऱ्यास सांगण्याचे काम एजंटाकडे सोपविल्यास पुढील बाबी विवरणात स्पष्ट असणे अगत्याचे ठरते.

पहिली बाब नावाची. जिल्ह्याचे नाव बुलढाणा व बुलडाणा असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. २०११ च्या जनगणनेत रोमन लिपीतील त्याचे रूप ‘ढ’ ऐवजी ‘ड’ दर्शविणारे असून जिल्ह्याचा संकेतांक ५०० आहे. कोणते रूप ग्राह्य आहे हे न सांगितल्यास शोध रिकामा परततो आणि ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ ‘आज आवक नाही’ असा लावला जातो. या दोन स्थितींसाठी भिन्न उत्तरे असावीत. तसेच जळगाव जामोद हा या जिल्ह्यातील तालुका आहे, तर जळगाव हे शेजारच्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे. मलकापूर नावाची गावे सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतही आहेत. म्हणून केवळ गावाचे नाव न स्वीकारता जिल्ह्याचे नाव वा संकेतांक अनिवार्य ठेवणे इष्ट.

दुसरी बाब परिमाणाची. दर प्रतिक्विंटल, म्हणजे १०० किग्रॅ. साठी, दिलेला असतो. रुईचा व्यापार मात्र सु. ३५६ किग्रॅ. च्या खंडीत चालतो. शिवाय कापूस म्हणजे सरकी काढण्यापूर्वीचा की रुई, हेही नमूद हवे. तिसरी बाब तारखेची. ‘०३/०४/२०२५’ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे क्रम सांगितल्याविना कळत नाही. यांपैकी एकही बाब संदिग्ध राहिल्यास शेतकरी चुकीच्या भावावर विसंबून गाडी भरतो आणि तोटा त्याच्याच पदरी येतो.

उत्तम विवरणाची लक्षणे : साधन केव्हा वापरावे याबरोबरच केव्हा वापरू नये, हेही सांगावे. एकसारख्या साधनांमधील भेद दाखवावा. एखादे पूर्ण उदाहरण उत्तरासह द्यावे. त्रुटीचा संदेश केवळ ‘विनंती अमान्य’ असा नसून पुढे काय करावे हे सुचविणारा असावा. माहिती केवळ वाचणारी साधने आणि नोंद बदलणारी, पैसे पाठविणारी वा काही पुसून टाकणारी साधने यांतील फरक ठळकपणे दर्शवावा व दुसऱ्या वर्गासाठी माणसाची संमती आवश्यक ठेवावी. तथापि अतिविस्तारही दोषच होय. कारण प्रतिमानास एका वेळी विचारात घेता येणारा मजकूर मर्यादित असतो.

मर्यादा व दक्षता : साधन बदलले आणि विवरण जुनेच राहिले, तर ते विवरण नसण्यापेक्षाही घातक ठरते. विवरणात दडविलेल्या दुष्ट सूचना एजंट आज्ञा समजून पाळू शकतो. म्हणून अपरिचित स्रोताकडील विवरणे तपासूनच स्वीकारावी लागतात. विवरणाची पारख प्रत्यक्ष प्रश्न देऊन करतात. ज्या ठिकाणी एजंट वारंवार चुकतो, तेथे बहुधा नवख्या माणसाचीही फसगत होत असते. त्यामुळे यंत्रासाठी केलेली सुधारणा माणसासही उपयोगी पडते.