ड्रिलची बॅटरी आधी तराजूत घाला

शहापूर-मुरबाडच्या वाडीपाड्यांवर कामे घेणारे सुतार आणि फॅब्रिकेशनवाले हल्ली बॅटरीवरची ड्रिल मशीन वापरतात. अस्सल बॅटरी महाग पडते. मग मोबाईलवर निम्म्या भावात, नामांकित कंपनीचे लेबल असलेली बॅटरी मागवली जाते, आणि तिथेच फसगत होते.

१८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियमच्या ५ सेलची ओळ असते. जास्त क्षमतेच्या पॅकमध्ये सहसा अशा २ ओळी, म्हणजे १० सेल. नेहमीच्या एका सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम. नकली पॅकमध्ये लेबल मोठ्या क्षमतेचे आणि सेल निम्मे, असा प्रकार असतो. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर अस्सल पॅकशी तुलना केली, तर हे लगेच कळते.

याहून मोठा धोका आगीचा. जादा चार्जिंग रोखणारे सर्किट नकली मालात अनेकदा नसतेच. सेल तापून पेटला आणि जवळ भुसा, थिनर असेल तर दुकान गेलेच! रात्रभर चार्जिंग नकोच.

बिल घ्याच. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणारा कारागीर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरतो. तक्रार १९१५ क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही.

पुनर्विक्रीसाठी माल घेणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण नाही. उलट खोट्या ट्रेडमार्कचा माल विकल्यास १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद होऊ शकते.