शाळेच्या बसचा ठेका : माल पारखून घ्या

पहूर हे जळगाव-अजिंठा रस्त्यावरचे गाव. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे 2020 साली बंद पडली. एस.टी.चा पास सवलतीत मिळतो, पण तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेलच असे नाही. म्हणून पालक आणि शाळा खाजगी गाडीवाल्यांकडे वळतात. गाडी उशिरा येते, मुले दाटीवाटीने कोंबली जातात, कधी गाडी येतच नाही. मात्र महिन्याचे पैसे पूर्ण जातात.

आम्ही कापडाचे व्यापारी. भिवंडी-मालेगावहून आलेला तागा मोजल्याशिवाय आम्ही बिल चुकते करीत नाही. माप कमी भरले तर रक्कम कापतो, माल डागी असेल तर परत पाठवतो. मग आपली लेकरे ज्या गाडीत बसतात तिचा व्यवहार तोंडी का असावा?

कायदा आपल्या बाजूने आहे. 1997 साली दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबाबत कडक आदेश दिले. महाराष्ट्र शासनाने 2011 साली स्कूल बसची स्वतंत्र नियमावली केली. तिच्याप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत परिवहन समिती हवी. तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही बसतो. गाडीची कागदपत्रे, विमा, फिटनेस, चालकाचे लायसन्स, प्रथमोपचार पेटी आणि आग विझविण्याचे साधन तपासणे हे या समितीचे काम. गाडीत मुली असतील तर महिला मदतनीस हवी.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांना आमची सूचना अशी, की ठेका लेखी करा. गाडीची वेळ, थांबे, मुलांची संख्या आणि गाडी बंद पडल्यास पर्यायी गाडी हे सारे करारात येऊ द्या. रोजची नोंदवही ठेवा. खेप चुकली तर तेवढे पैसे कापा. वारंवार चुकली तर ठेका रद्द करा, आणि सुरक्षेत कसूर दिसली तर परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. गाडीवाला ओळखीचा किंवा नात्यातला असला तरी हिशेब हिशेबाच्या जागी.

मात्र ठेकेदाराचे पैसेही वेळेवर द्यावेत. उधारी थकवून चोख सेवा मागणे न्यायाचे नव्हे.

गाडीचा भरवसा राहिला नाही की घरात पहिल्यांदा शाळा सुटते ती मुलीची. हा तोटा कोणत्याच खातेवहीत भरून निघत नाही.