स्टार्टरशेजारची डबी

जळालेली मोटर वाइंडिंगच्या दुकानात उघडली की कारागीर आधी काळं कुठे पडलंय ते बघतो. सगळ्या कॉइल सारख्याच करपल्या असतील तर पंप जाम झाला असेल, लोड वाढला असेल किंवा व्होल्टेज फार पडलं असेल. पण काही कॉइलचा कोळसा आणि त्यांच्या मधल्या अगदी नव्यासारख्या, वार्निशची चमकसुद्धा तशीच, असे पट्टे दिसले की त्याला पुढे काही विचारावं लागत नाही. फेज गेला होता. स्टार जोडणी असेल तर दोन फेजच्या कॉइल जळतात, एकाच्या वाचतात. डेल्टात एकाच्याच जळतात, दोघांच्या शाबूत राहतात.

तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे मोटरीत फिरतं चुंबकीय क्षेत्र आपसूक तयार होतं. मिखाईल दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये पिंजरा रोटरची थ्री फेज मोटर बनवली; आज विहिरीवर बसलेली पाच एचपीची मोटरही त्याच तत्त्वावर चालते. ब्रश नाहीत, कम्यूटेटर नाही, झीज फार थोडी. इतकं दणकट यंत्र एका फेजपायी जळतं, कारण फिरत असताना फेज गेला तर ते थांबत नाही. पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून उरलेल्या दोन तारांतला करंट निदान पावणेदोनपट होतो. डेल्टातल्या एका फेजच्या कॉइलवर तर जवळपास दुप्पट भार येतो. बंद मोटरीला दोनच फेज मिळाले तर ती उचलतच नाही. जागच्या जागी घुमत राहते आणि काही मिनिटांत वास येतो.

मग स्टार्टर पडत का नाही? त्याची नो व्होल्ट कॉइल ४१५ व्होल्टची, दोनच फेजवर जोडलेली असते. तिसरा गेल्याचं तिला कळत नाही. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर पडतो, पण त्यातली पट्टी तापायला वेळ लागतो, आणि ‘सारखा पडतो’ म्हणून त्याची चकती वर सरकवून ठेवलेले स्टार्टर गावोगाव आहेत. फेज दाखवणाऱ्या तीन दिव्यांवर भरवसा ठेवणंही धोक्याचं. फिरती मोटर मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तिसरा दिवाही बऱ्यापैकी पेटलेला दिसतो.

ही फसवणूक ओळखण्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो. स्टार्टरशेजारी बसणाऱ्या या छोट्या डबीमागचं गणित १९१८ सालचं आहे. चार्ल्स फॉर्टेस्क्यू यांनी दाखवलं, की बिघडलेल्या तीन फेजच्या व्यवस्थेचे भाग पाडता येतात आणि त्यातला एक भाग उलट दिशेने फिरणारा असतो. हाच भाग रोटर तापवतो, आणि चांगला प्रिव्हेंटर नेमका तोच मोजतो. ठरलेल्या मर्यादेबाहेर तो गेला, की काही सेकंद वाट पाहून डबी नो व्होल्ट कॉइलचा मार्ग तोडते आणि स्टार्टर पडतो. लाइनच्या दुरुस्तीत दोन तारांची अदलाबदल झाली तर पंप उलटा फिरतो. तेही तिला कळतं.

घेताना एक गोष्ट जरूर विचारावी. व्होल्टेजवर चालणारी डबी तिच्या मागे, म्हणजे लाइनकडे झालेला दोष पकडते. तिच्या पुढे, बोअरमध्ये उतरलेल्या केबलची एक तार तुटली तर ती गप्प राहते. करंट बघणारी डबी तेही पकडते. पाणबुडी मोटरीसाठी मी तीच घ्यायला सांगेन. मोटर जळाली की चेन पुली लावून अख्खा पाइप वर ओढावा लागतो, आणि तो खर्च डबीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

तरीही मोटरी जळतात, आणि दोष दरवेळी शेतकऱ्यावर ढकलला जातो. मला ते पटत नाही. वीज रात्री येते, म्हणून तो ऑटो स्विच बसवतो. जुन्नरकडच्या उसात बिबट्या असताना अंधारात मोटर चालू करायला जाणं हा जिवाशी खेळ आहे. पण वीज आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी ऑटोमुळे एकदम उठतात, सुरुवातीच्या करंटचा लोंढा येतो, डीपीतला एखादा फ्यूज उडतो, आणि ज्यांनी प्रिव्हेंटर लावलेला नाही त्यांच्या मोटरी दोन फेजवर घुमत राहतात. प्रत्येक ऑटोला वेगवेगळा उशीर लावला तर हा लोंढा बराच ओसरतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून मिनिटं वाटून घेतली की झालं.

प्रिव्हेंटर बायपास होतो तोही अशाच अडचणीत. पीक सुकतंय, फेज दोनच आहेत आणि डबी मोटर चालू देत नाही. मग तिची वायर काढली जाते, कुणी कंडेन्सर लावून मोटर ओढतो. कंडेन्सर मोटरीला आणि लोडला जुळला नाही, तर कॉइल तापतातच. पुढे तिसरा फेज परत येतो, पण काढलेली वायर तशीच लोंबकळत राहते. वायरमन स्टार्टर उघडेल तेव्हा त्याने आधी ती वायर बघावी आणि जागेवर जोडूनच झाकण लावावं.