गोष्टीचा शेवट कोण ठरवतं?

एक लेखक गवतातला नाकतोडा निरखत बसला आहे. त्याला सांगितलं जातं, हा क्षुद्र किडा सोड. तारेचा नि पुठ्ठ्याचा, छान रंगवलेला आदर्श नाकतोडा तयार आहे, तो घे. अमेरिकन लेखक विल्यम डीन हॉवेल्स यांनी १८९१च्या ‘क्रिटिसिझम अँड फिक्शन’ या पुस्तकात हे दृश्य उभं केलं आणि खऱ्या नाकतोड्याची बाजू घेतली. अमेरिकन वास्तववादाचा सगळा आग्रह त्यात आहे. पण गोष्टीत ‘खरं’ आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ते समजून घ्यायला एक प्रश्न उपयोगी पडतो: गोष्टीचा शेवट कोण ठरवतं?

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १८६९ साली पश्चिम किनारा रेल्वेने पूर्वेकडच्या जाळ्याशी जोडला गेला. गिरण्या वाढल्या, शहरं फुगली. अद्भुतरम्य कथांच्या चौकटीत हे जग मावेना. बॉस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’चे संपादक म्हणून (१८७१–८१) हॉवेल्स यांनी मार्क ट्वेन, हेन्री जेम्स, सारा ऑर्न ज्युएट अशा लेखकांना जागा दिली. मेन राज्याच्या किनाऱ्यावरची गावं रंगवणाऱ्या ज्युएट यांच्यासारख्यांच्या लेखनातून प्रादेशिक साहित्याची शाखाही बहरली.

वास्तववादाची कार्यपद्धती पाहायची तर हॉवेल्स यांची ‘द राइज ऑफ सायलस लॅफम’ (१८८५) ही कादंबरी घ्यावी. व्हरमाँटचा शेतकरीपुत्र लॅफम रंगाच्या धंद्यात श्रीमंत होतो आणि बॉस्टनमध्ये बंगला बांधायला घेतो. सगळ्यांना वाटत असतं की टॉम कोरी हा तरुण त्याच्या धाकट्या मुलीवर, आयरीनवर, प्रेम करतो. टॉमचं मन मात्र थोरल्या पेनेलपीवर असतं. त्या काळच्या भावुक कादंबरीत पेनेलपीने बहिणीसाठी त्याग केला असता आणि वाचक रडले असते. इथे पाद्री साधा हिशेब मांडतो: तिघांनी दुःखी व्हायचं की एकीने? पेनेलपी अखेर टॉमशीच लग्न करते. पुढे बंगला जळतो, तोही विम्याची मुदत संपल्यावर आठवड्याभरात. हाती आलेल्या बुडीत गिरण्या खरी गोष्ट लपवून विकल्या असत्या तर लॅफम दिवाळखोरीतून वाचला असता. तो विकत नाही आणि व्हरमाँटला परततो. इथे शेवट ठरवतो तो माणसाचा निर्णय, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

मार्क ट्वेन यांनी असाच निर्णय एका अर्धशिक्षित पोराच्या बोलीत ऐकवला. पळालेल्या गुलाम जिमचा ठावठिकाणा कळवणं हेच पुण्य, असं या पोराला, हकलबरी फिनला, लहानपणापासून शिकवलेलं. तरी तो लिहिलेली चिठ्ठी फाडतो आणि नरकात जायला तयार होतो. प्रमाणभाषेत हा क्षण उपदेश ठरला असता; हकच्या तोंडी तो कबुलीजबाब होतो.

शतक संपता संपता तरुण लेखकांना मात्र प्रश्न पडला: माणसाच्या हाती खरंच एवढं असतं का? डार्विन आणि फ्रेंच कादंबरीकार झोला यांच्या विचारांच्या प्रभावातून, माणूस परिस्थितीच्या हाती असतो असं मानणारा निसर्गवाद रुजला. या तरुणांपैकी स्टीफन क्रेन यांचं जहाज १८९७च्या जानेवारीत फ्लोरिडाजवळ बुडालं. त्या अनुभवावरच्या ‘द ओपन बोट’ या कथेत चिमुकल्या होडीत चौघे आहेत: जखमी कप्तान, आचारी, वार्ताहर आणि इंजिनाला तेल घालणारा कामगार. चौघांत तगडा तो कामगार. किनारा जवळ आल्यावर तोच मरतो. समुद्राला ना राग, ना दया.

थिओडोर ड्रायझर यांच्या ‘सिस्टर कॅरी’ने (१९००) आणखी एक रूढ शेवट नाकारला. लग्नाशिवाय पुरुषांसोबत राहिलेल्या कॅरीसारख्या बाईला शिक्षा झालीच पाहिजे, ही वाचकांची अपेक्षा होती. करार झाल्यावर प्रकाशकही कचरला. पुस्तक निघालं, पण जाहिरातीविना. शेवटच्या पानावर कॅरी यशस्वी नटी आहे, झुलत्या खुर्चीत एकटी, असमाधानी. ड्रायझर तिला शिक्षाही देत नाहीत आणि सुखही. तिचा न्याय त्यांनी वाचकावर सोपवला.