आधी सूर, मग रेषा

चित्रपटाला संगीत बहुधा सर्वांत शेवटी मिळते. चित्रीकरण होते, संकलन होते आणि मग संगीतकाराला तयार प्रसंग दाखवून तेवढ्या वेळात बसेल असे काहीतरी मागितले जाते. पाश्चात्त्य अभिजात संगीतावर बेतलेल्या ॲनिमेशनपटांत हा क्रम उलटा असतो. संगीत आधीच, अनेकदा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, लिहून झालेले असते. त्याचे ध्वनिमुद्रण चित्रकारांच्या हाती येते आणि त्याबरहुकूम एकेक चित्र काढत हालचाल रचली जाते. बाखच्या किंवा बेथोव्हनच्या रचनेत थोडीफार काटछाट करता येते, पण जुळवून घ्यायचे असते ते मुख्यतः रेषेनेच.

हे काम हिशेबाचे आहे. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. मिनिटाला १२० ठोके अशी लय असेल तर एका ठोक्याला नेमक्या १२ फ्रेम येतात; नाचणाऱ्या पात्राचा पाय बाराव्या, चोविसाव्या, छत्तिसाव्या फ्रेमला जमिनीवर टेकला पाहिजे. कार्टूनसाठी मुद्दाम लिहिलेल्या संगीतात हे सोपे असते, कारण लय घड्याळासारखी ठेवता येते. खऱ्या वाद्यवृंदाचे तसे नसते. संचालक एखादी जागा लांबवतो, एखादी घाईने उरकतो, सम येण्याआधी क्षणभर थबकतो. मग ध्वनिपट्टी पुन्हा पुन्हा ऐकून कोणता आघात कितव्या फ्रेमवर पडतो याचा तक्ता करावा लागतो. रेखाटन त्यानंतर सुरू होते.

या प्रकाराचा पाया युरोपात ज्यांनी घातला त्यांत ऑस्कर फिशिंगर या जर्मन चित्रकाराचे नाव आधी घ्यावे लागते. १९२९ नंतरच्या तीन-चार वर्षांत त्याने ‘स्टुडी’ नावाची लघुपटांची मालिका केली. पांढऱ्या कागदावर कोळशाने काढलेल्या रेषा आणि तुकडे. पडद्यावर रंग उलटे होऊन काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकार धावताना दिसत. सातव्या ‘स्टुडी’ला ब्राम्सचे पाचवे हंगेरियन नृत्य आहे. त्यात ना पात्र, ना गोष्ट. व्हायोलिन झेप घेते तेव्हा रेषांचा थवा खोल अंधारात सूर मारतो, लय रेंगाळते तेव्हा एखादीच वक्ररेषा अंग मोडत पुढे सरकते. संगीताला अर्थ असो वा नसो, गती, वजन आणि दिशा नक्की असते, हे फिशिंगरने ओळखले होते.

याच सुमारास, १९३३ मध्ये, पॅरिसमध्ये अलेक्झांडर अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी मुसोर्गस्कीच्या ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’वर आठेक मिनिटांचा चित्रपट केला. त्यांचे साधन विलक्षण होते. एका उभ्या फळीत लक्षावधी बारीक टाचण्या खोवलेल्या असत. टाचण्या कमीअधिक बाहेर काढायच्या आणि बाजूने प्रकाश टाकायचा. सावल्यांच्या दाट-विरळपणातून चित्र उमटे. कोरीवकामासारख्या त्या करड्या छटांत भुते आणि घोडे धुक्यातून आल्यासारखे येतात आणि विरतात.

अमेरिकेत सुरुवात झाली ती मात्र विनोदातून. कार्ल स्टॉलिंग हा कॅन्सस सिटीतील चित्रपटगृहात मूकपटांना ऑर्गनची साथ करणारा वादक. वॉल्ट डिस्नेने त्याला आपल्याकडे घेतले आणि लवकरच दोघांत वाद सुरू झाला: चित्राने संगीतामागे जायचे की संगीताने चित्रामागे? तोडगा असा निघाला की मिकी माउसच्या कार्टूनमध्ये विनोद पुढे राहील, आणि शिवाय एक वेगळी मालिका काढली जाईल, जिच्यात संगीत पुढे राहील. तीच ‘सिली सिंफनीज’. १९२९च्या पहिल्याच ‘द स्केलेटन डान्स’मध्ये स्मशानातले सांगाडे ग्रीगच्या संगीतावर नाचतात, एक सांगाडा तर दुसऱ्याच्या बरगड्यांवर झायलोफोन वाजवतो. पुढच्या दहा वर्षांत या मालिकेत ७५ लघुपट निघाले. १९३५च्या ‘द बँड कॉन्सर्ट’मध्ये मिकी स्वतः बँडचा संचालक आहे. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेराच्या नांदीतला वादळाचा भाग सुरू होतो आणि खरोखरच वावटळ येते. वादक आकाशात भिरभिरत असतानाही वाजवायचे थांबत नाहीत.

१९३७ मध्ये डिस्नेची गाठ लिओपोल्ड स्टोकोव्स्की या विख्यात संचालकाशी पडली. मिकीची लोकप्रियता उतरणीला लागली होती आणि त्याला सावरण्यासाठी पॉल द्यूकाच्या ‘सॉर्सरर्स अप्रेंटिस’वर एक खास लघुपट काढायचे डिस्नेच्या मनात होते. स्टोकोव्स्कीने संचालन करायची तयारी दाखवली. खर्च सव्वा लाख डॉलरच्या घरात गेला. एकट्या लघुपटातून तेवढे पैसे सुटणे शक्यच नव्हते, म्हणून त्याला आणखी तुकडे जोडून पूर्ण लांबीचा चित्रपट करायचे ठरले. ‘फँटेजिया’चा जन्म असा काहीसा व्यवहारातून झाला. बाख, चायकोव्स्की, द्यूका, स्ट्राविन्स्की, बेथोव्हन, पोंकिएली, मुसोर्गस्की आणि शूबर्ट अशा आठ संगीतकारांच्या रचना निवडल्या गेल्या आणि १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला.

त्यातला द्यूकाचा भाग आजही सगळ्यांत घट्ट बांधलेला वाटतो. द्यूकाने १८९७ मध्ये ही रचना केली तीच गटेच्या एका कथाकाव्यावरून, त्यामुळे गोष्ट संगीतात आधीपासून होती. जादूगाराचा शिकाऊ पोऱ्या झाडूला पाणी भरायला लावतो आणि त्याला थांबवायचा मंत्र विसरतो. झाडू चालू लागतो ती बासूनची ठुमकती धून ऐकताक्षणी हसू येते. मिकी कुऱ्हाडीने झाडूचे तुकडे करतो तेव्हा वाद्यवृंद एकदम गप्प होतो. मग अगदी तळातून, कॉन्ट्राबासूनच्या घोगऱ्या आवाजात, तीच धून पुन्हा हलू लागते आणि पाठोपाठ बास क्लॅरिनेट तिला सामील होतो. द्यूकाने येथे एका आवाजाचे दोन केले आहेत, कारण झाडूचे दोन तुकडे झाले आहेत. पडद्यावर मात्र प्रत्येक ढलपीतून एक झाडू उठतो आणि पाहता पाहता पलटण उभी राहते. ही अतिशयोक्ती मूळ रचनेशी इमान राखून केलेली आहे.

हे इमान सगळीकडे टिकलेले नाही. बेथोव्हनच्या ‘पास्टोरल’ सिंफनीत (१८०८) खेड्याकडची हवा, ओढा, गावकऱ्यांची गंमत आणि वादळ आहे. डिस्नेच्या मंडळींनी ग्रीक पुराणातल्या अश्वमानवांचे दृश्य आधी पिएर्नेच्या एका बॅलेसंगीतासाठी योजले होते. ते संगीत अपुरे वाटले म्हणून त्याजागी बेथोव्हन आणून बसवला. जोड दिसून येते. गुलाबी-निळे अश्वमानव एकमेकांना लाडीगोडी लावत असतात आणि सिंफनी बिचारी मागे वाजत राहते. याच भागात गोऱ्या अश्वकन्यांची सेवा करणारी एक कृष्णवर्णीय अश्वकन्या होती. ते चित्रण उघड वर्णद्वेषी होते आणि १९६९च्या पुनःप्रदर्शनापासून ती दृश्ये काढून टाकण्यात आली.

स्ट्राविन्स्कीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९१३ मध्ये पॅरिसला ज्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ने प्रेक्षागृहात गोंधळ माजवला, तिचा विषय प्राचीन रशियातला नरबळी. डिस्नेने तिच्यावर पृथ्वीचा जन्म, ज्वालामुखी आणि डायनासोर रंगवले, शिवाय रचनेतल्या भागांचा क्रमही फिरवला. आठांपैकी त्या वेळी हयात असलेला संगीतकार हा एकटाच, आणि त्याने पुढे या प्रकारावर सडकून टीका केली. तक्रार न्याय्य होती; पण लाव्हाचे लोट आणि संगीतातले ते आडदांड आघात एकमेकांना शोभतात, हेही खरे.

पोंकिएलीच्या ‘डान्स ऑफ द अवर्स’मध्ये पहाट, दुपार, संध्याकाळ आणि रात्र यांच्या जागी अनुक्रमे शहामृग, पाणघोडे, हत्ती आणि मगरी येतात. अगडबंब पाणघोडी बॅलेचा झगा घालून पायाच्या बोटांवर उभी राहते तेव्हा हसू येते ते तिच्या आकारामुळे नव्हे, तर ती ताल काटेकोर सांभाळते म्हणून. शेवटच्या भागात मुसोर्गस्कीच्या सैतानाचे थैमान संपून शूबर्टच्या ‘आव्हे मारिया’त मशालधारी यात्रेकरू पहाटेकडे चालत जातात. या दीर्घ दृश्याचे छायाचित्रण पहिल्या खेपेस चुकीच्या भिंगामुळे वाया गेले, दुसऱ्या खेपेस भूकंपाच्या धक्क्यामुळे. तिसरी खेप जमली तेव्हा पहिला खेळ अगदी तोंडावर आला होता.

ध्वनीच्या बाबतीत ‘फँटेजिया’ काळाच्या फार पुढे होता. फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचे वेगवेगळे गट स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रित केले गेले आणि ‘फँटासाउंड’ नावाच्या यंत्रणेतून सूर पडद्याच्या डावी-उजवीकडून आणि प्रेक्षागृहाच्या भिंतींमधूनही ऐकू येई. मात्र यंत्रणेच्या एका संचाची किंमत ८५,००० डॉलरच्या आसपास होती, त्यामुळे ती मोजक्याच शहरांत बसली. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद होती. वीस लाखांहून अधिक डॉलर खर्चून केलेला दोन तासांचा चित्रपट १९४२ मध्ये जवळपास ८० मिनिटांवर आणून साध्या ध्वनीसह दाखवावा लागला. पैसा वसूल झाला तो १९६९ मध्ये, तरुण पिढीने त्यातल्या रंगांच्या उधळणीला डोक्यावर घेतल्यावर.

फिशिंगरही या चित्रपटाच्या निर्मितीत होता. १९३६ मध्ये तो हॉलिवूडला आला, एमजीएमसाठी लिस्टच्या संगीतावर ‘ॲन ऑप्टिकल पोएम’ केला, आणि नंतर डिस्नेकडे बाखच्या भागावर कामाला लागला. त्याचे अमूर्त आकार तिथे हळूहळू ढग, कमानी आणि व्हायोलिनचे गज होत गेले. तो नोकरी सोडून गेला आणि श्रेयनामावलीतही आला नाही. १९४७ मध्ये त्याने ‘मोशन पेंटिंग नं. १’ केला: काचेसारख्या पारदर्शक फलकावर तैलरंगाचा फटकारा मारायचा, एक फ्रेम घ्यायची, पुढचा फटकारा मारायचा. संगीत बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कंचेर्टोचे. येथे तर त्याने सुरांमागे धावणेही सोडून दिले आहे. चित्र आपल्या चालीने वाढते, संगीत आपल्या, आणि तरी दोन्ही एकाच जातीची वाटतात.

दरम्यान कार्ल स्टॉलिंग वॉर्नर ब्रदर्समध्ये पोहोचला होता आणि अभिजात संगीताला तिथे भलतेच घर मिळाले. डिस्नेला संगीताचा आदर वाटत असे. वॉर्नरवाले त्याच्याशी सलगी करत. १९४६ मध्ये त्यांनी लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सोडीवर बग्ज बनीला पियानोला बसवले. काही महिन्यांतच एमजीएमने त्याच संगीतावर, पियानोत उंदीर असण्याच्या त्याच कल्पनेसह, टॉम अँड जेरीचा ‘द कॅट कंचेर्टो’ आणला. ऑस्कर त्याला मिळाले आणि दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. दोघांनाही तीच रचना का हवी होती हे कळायला सोपे आहे: आधी विलंबित, ऐटबाज डौल आणि मग द्रुत लयीत सुटलेली धावपळ. कार्टूनचा आराखडा लिस्टने आयताच देऊन ठेवला होता.

चक जोन्सच्या ‘रॅबिट ऑफ सेव्हिल’मध्ये (१९५०) रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’च्या नांदीवर बग्ज बनी एल्मर फडची हजामत करतो. डोक्याला मालीश, तोंडाला फेस, वस्तऱ्याचे हात, सगळे सुरासुराला बेतलेले. गंमत अशी की या नांदीचा न्हाव्याशी मुळात काही संबंध नव्हता. रोसिनीने ती आधीच्या दोन गंभीर ऑपेरांसाठी वापरली होती. तरीही हे कार्टून पाहिल्यावर ती दुसऱ्या कशासाठी असेल असे वाटतच नाही. १९५७च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’मध्ये जोन्सने वाग्नरच्या तासन्‌तास चालणाऱ्या ऑपेरांचा सात मिनिटांत निकाल लावला. नियमापेक्षा जास्त आठवडे लागणार म्हणून त्याच्या चमूने हजेरीपत्रकात ते तास दुसऱ्या कार्टूनच्या नावावर मांडले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या लघु-कार्टूनची निवड झाली.

इटलीच्या ब्रुनो बोझेत्तोने १९७६ मध्ये ‘आलेग्रो नॉन त्रोप्पो’ काढून ‘फँटेजिया’ची उघड थट्टा केली. राव्हेलच्या ‘बोलेरो’त एकच ठेका आणि एकच धून सुरुवातीपासून अखेरपर्यंत चालते, वाढतात ती फक्त वाद्ये आणि आवाज. बोझेत्तोने त्यावर अंतराळवीरांनी फेकलेल्या कोका-कोलाच्या बाटलीतल्या थेंबापासून सुरू होणारी जीवसृष्टी चालवली. याच चित्रपटात सिबेलियसच्या ‘व्हाल्स त्रिस्त’वर पडक्या घरात जुन्या दिवसांच्या आठवणीत फिरणारी एक मांजर आहे, थट्टेच्या चित्रपटातला हा सगळ्यांत हळवा तुकडा. डिस्नेचा ‘फँटेजिया २०००’ पहिल्या ‘फँटेजिया’नंतर सुमारे साठ वर्षांनी आला. त्यात रेस्पिगीच्या ‘पाइन्स ऑफ रोम’वर देवमासे आकाशात उडतात. रोमच्या पाइन वृक्षांचा देवमाशांशी काय संबंध, हा प्रश्न पाहताना पडत नाही. ब्रासचा तो चढत जाणारा भार उचलायला तेवढाच प्रचंड देह हवा होता.

भारतीय वादकांचा या जगाशी संबंध आला तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डमुळे. नॉर्मन मॅक्लॅरन आणि क्लोद ज्युत्रा यांच्या ‘अ चेअरी टेल’मध्ये (१९५७) एक खुर्ची माणसाला बसूच देत नाही. त्या दोघांच्या झटापटीला पंडित रविशंकर यांची सतार आणि चतुरलाल यांचा तबला आहे. येथे क्रम नेहमीचाच, चित्र आधी आणि संगीत मागून. तरी खुर्चीचे रुसणे आणि सतारीची छेड यांत सवाल-जवाब रंगतो. मूळचे गुजरातचे इशू पटेल यांनी १९७७ मध्ये याच संस्थेसाठी ‘बीड गेम’ केला. काळ्या पार्श्वभूमीवर मणी सरकवत एका जिवातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा आणि अखेर माणसांची युद्धे अशी सहा मिनिटांच्या आतली ही साखळी ज्ञानप्रकाश घोष यांच्या संगीतावर चालते. तिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते.