पोकळ बांबू आणि पैलवानाचा मुलगा

घरात बासरी असेल तर घ्या हातात, आणि उघड्या टोकातून आत डोकावून बघा. काय दिसलं? काहीच नाही ना! सतारीला तारा असतात, तबल्याला चामडं असतं, पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात. बासरीत नुसती हवा. मग वाजतं काय? तर तीच हवा!

फुंकर घातली की ओठांमधून हवेचा एक पातळ झोत निघतो आणि भोकाच्या पलीकडच्या कडेवर आदळतो. घटकेत आत शिरतो, घटकेत बाहेर पडतो. त्याच्या या ये-जा करण्याने नळीतली हवा कंप पावू लागते. नळी लांब असेल तर कंपनं सावकाश होतात आणि स्वर खालचा निघतो. नळी आखूड असेल तर कंपनं भराभर होतात, स्वर वरचा. पेनाच्या टोपणात फुंकून बघा. एवढंसं टोपण, म्हणून तर ते कर्कश किंचाळतं!

मैफलीत नेहमी दिसणारी एक लांब बासरी घेऊ. तिची सहाही भोकं बंद केली की साधारण ७० सेंटिमीटर लांबीचा हवेचा खांब सेकंदाला सुमारे २४७ वेळा कंप पावतो. हा झाला खालचा प. आता टोकाकडची तीन भोकं उघडा. खांब आखूड झाला, कंपनं ३३० झाली, आणि आला सा! बोटं तिथेच ठेवा, ओठ जरा आवळून फुंकर जोरात घाला. कंपनं दुप्पट होतात आणि वरचा सा वाजतो. बोट न हलवता स्वर बदलला की नाही?

अशी लांब, खोल आवाजाची बासरी रागसंगीताच्या मैफलीत आणली पन्नालाल घोष यांनी. त्यांचा जन्म १९११चा, बारिसालचा. आजच्या बांगलादेशातलं हे गाव.

आता भेटू या आपल्या पैलवानाच्या मुलाला. पं. हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १ जुलै १९३८ रोजी अलाहाबादमध्ये झाला. वडील पैलवान. मुलानेही आखाड्यात नाव काढावं ही त्यांची इच्छा. मुलगा आखाड्यात जायचा, पण मन रमायचं गाण्यात. मग काय, वडिलांना पत्ता लागू न देता शिकणं सुरू! आधी शेजारच्या पं. राजाराम यांच्याकडे गाणं, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास पं. भोलानाथ प्रसन्ना यांची बासरी ऐकल्यावर थेट बासरीच. आखाड्यातली मेहनत मात्र फुकट गेली नाही. लांब बासरीला लांब दम लागतो, आणि तो दम कुस्तीने दिला असं ते स्वतःच सांगतात.

१९५७ साली ते आकाशवाणीच्या कटक केंद्रावर नोकरीला लागले. पुढे मुंबईला आले. मुंबईत सिनेमांच्या गाण्यांसाठी बासरी वाजवायचं भरपूर काम मिळालं. पैसा होता, नाव होतं. तरी त्यांना वाटत होतं, अजून शिकायचं राहिलंय.

मुंबईतच राहत होत्या अन्नपूर्णादेवी, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या. त्या सूरबहार वाजवायच्या. म्हणजे तारांचं वाद्य! मग त्या बासरी कशी शिकवणार? गाऊन. त्या गायच्या आणि शिष्याने ते आपल्या वाद्यातून काढायचं. पण त्या सहजासहजी कुणाला शिष्य करत नसत. हरिप्रसादजींनाही त्यांनी बराच काळ नकारच दिला. शेवटी तयार झाल्या, पण अट अशी की आधीचं सगळं सोडून पहिल्यापासून शिकायचं. हरिप्रसादजींनी काय केलं माहीत आहे? आजवर उजवीकडे धरलेली बासरी डावीकडे धरली!

हे किती अवघड आहे बघा. आधी तोंडाजवळची तीन भोकं डाव्या हाताकडे होती, ती आता उजव्याकडे आली, आणि लांबची तीन डाव्याकडे गेली. आपण म्हणतो बोटांना सवय झाली, पण ती सवय खरं तर मेंदूत असते. त्यातही डावा हात चालवतो मेंदूचा उजवा भाग आणि उजवा हात चालवतो डावा भाग. म्हणजे दोन्ही भागांनी आपापली कामं नव्याने शिकायची. ओठांनीही फुंकरीचा कोन पुन्हा शोधायचा. इतकी वर्षं वाजवलेल्या माणसाने पुन्हा नवशिक्यासारखे बेसूर स्वर काढायचे!

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. ती म्हणजे साधा बांबू. पाश्चात्त्य बासरीवर धातूच्या कळा बसवलेल्या असतात, त्या एकाच बाजूने धरण्यासाठी. ती बासरी उलटी धरून वाजवता येत नाही. आपल्या बासरीची भोकं एका ओळीत असतात, म्हणून ती डावीकडे धरा नाहीतर उजवीकडे, तिला फरक पडत नाही. कळा नसल्यामुळेच बोट भोकावरून हळूहळू सरकवता येतं आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड काढता येते. बांबू काहीच करत नाही, म्हणून माणसाला सगळं करता येतं.

पुढे या बासरीने जग पाहिलं. १९६७मध्ये पं. शिवकुमार शर्मा यांचं संतूर आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांच्या जोडीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका झाली. शिवकुमारजींबरोबरच ‘शिव-हरी’ या नावाने त्यांनी ‘सिलसिला’, ‘चांदनी’ अशा चित्रपटांना संगीत दिलं. २००० साली पद्मविभूषण मिळालं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात ते शिकवत. मुंबईत आणि भुवनेश्वरमध्ये त्यांनी वृंदावन गुरुकुल उभारलं.

गुरुकुलात शिष्य गुरूंच्या सहवासात राहतात. का बरं? बोटं कुठे ठेवायची ते चित्रात दाखवता येतं. पण जीभ, ओठ, पोटातून येणारा श्वास यांचं चित्र कसं काढणार? ते रोज शेजारी बसून, ऐकून ऐकूनच उमगतं. आणि तुम्हाला बासरी शिकायची असेल, तर पहिले काही दिवस नुसता ‘फूऽऽ’ असा वारा येईल. घाबरू नका. कडेवर नेमका झोत पडायला प्रत्येकालाच वेळ लागतो.