रोज २४७ योजनं

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी धाकट्या बहिणीनं मला माजघरात गाठलं. ओटीवर गुरुजी गरुडपुराण सांगत होते. दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, आईनं ढेकणांवर किती उकळतं पाणी ओतलं असेल रे! तिला काही होणार नाही ना?"

दर मे महिन्यात आई लोखंडी खाट अंगणात काढायची आणि तिच्या सांध्यासांध्यांत किटलीनं पाणी ओतायची. मी घाईघाईनं "छे, छे" म्हटलं. रात्री भागवताचा पाचवा स्कंध उघडला, तर अंधकूप नावाचा नरक नेमका डास, उवा, ढेकूण यांना छळणाऱ्यांसाठी राखलेला! बहिणीला ते अजून सांगितलेलं नाही.

जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे पोथीतही मला आधी आकडे दिसतात. मनुस्मृतीत नरक २१, भागवतात २८, आणि आपल्याकडे सुतकाच्या दिवसांत वाचतात त्या गरुडपुराणाच्या सारोद्धारात ८४ लाख. ऋग्वेदातला यम मात्र पितरांचा राजा. मेलेला पहिला माणूस तो, त्याच्याकडे जायचं ते सुखानं राहायला. दुष्टांसाठी एक खोल, काळोखा खड्डा, बास. उकळत्या कढया मागाहून आल्या.

सारोद्धारात यमपुरीची वाट ८६ हजार योजनं आहे आणि प्रेत दिवसरात्र मिळून २४७ योजनं चालतं. भागाकार केला : ३४८ दिवस. चालायला सुरुवात तेराव्या दिवशी. म्हणजे जीव पोचतो तो बरोबर वर्षश्राद्धाच्या सुमारास! वाटेत सोळा गावं, आणि मुक्कामाला मुलानं घातलेला मासिक पिंड. आधी श्राद्धांचं वेळापत्रक ठरलं आणि मग त्याच्या मापानं रस्ता आखला, असंच मला वाटतं. योजन बारा किलोमीटरचं धरलं, तर वेग पडतो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

आणि चालणारा केवढा? हातभर. देह तर जळाला, मग भाजायचं कुणाला, ही शंका पोथी रचणाऱ्यालाही आली असणार. म्हणून दहा दिवसांच्या पिंडांतून नवा देह घडतो. पहिल्या पिंडानं डोकं, दुसऱ्यानं मान आणि खांदे, असं करत नवव्यानं पाय. दहाव्यानं त्याला भूक-तहान लागते. यातना भोगायला लागणारं शरीरही घरच्यांनीच पुरवायचं! मी नऊ दिवस मुकाट्यानं भाताचे गोळे वळले. दहाव्या दिवशी हात थबकला, पण बहीण समोर बसली होती. वळला.

वाटेत तापलेली वाळू आणि काटे, म्हणून तेराव्याला छत्री, तांब्या, चपला दान करायच्या. गुरुजींनी यादी लिहून दिली. चपलांपुढे कंसात लिहिलं होतं : आठ नंबर.

आईचा पाच.